ट्रिगर बफरमध्ये जागा मोजून ठेवू नका

आयबीएम आय (आयबीएमच्या एएस/४०० मालिकेतून आलेली ऑपरेटिंग सिस्टीम) वर फाईलला ट्रिगर, म्हणजे रेकॉर्ड बदलला की आपोआप चालणारा प्रोग्राम, लावला की रेकॉर्ड आरपीजी या भाषेतून लिहा, एसक्यूएलमधून लिहा किंवा डीएफयू या डेटा बदलायच्या साधनाने हाताने बदला, तुमचा प्रोग्राम चालणारच. म्हणून तो नीट लिहिलेला हवा.

प्रोग्रामला दोन पॅरामीटर मिळतात: बफर (सिस्टीम बदलाची माहिती आणि जुना-नवा रेकॉर्ड भरून देते तो मेमरीचा तुकडा) आणि त्याची लांबी. बफरच्या ३१ व्या जागी काय घडलं ते कळतं: १ म्हणजे नवीन रेकॉर्ड, २ डिलीट, ३ अपडेट. बरेच जण जुना आणि नवा रेकॉर्ड कुठे सुरू होतो ते एकदा मोजतात आणि तो आकडा डेटा स्ट्रक्चरमध्ये (प्रोग्राममधल्या फील्डच्या मांडणीत) पक्का करून टाकतात. पुढे फाईलमध्ये एक फील्ड वाढलं की नवा रेकॉर्ड पुढे सरकतो आणि प्रोग्राम भलतेच बाइट वाचू लागतो, कधीकधी एररही न देता. हे शोधायला फार वेळ जातो.

त्यापेक्षा बफरलाच विचारा. जुन्या रेकॉर्डचा ऑफसेट (बफरच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ४९ ते ५२ या जागांमध्ये असतो, नव्याचा ६५ ते ६८ मध्ये. बफरच्या पत्त्यात तो ऑफसेट मिळवा, पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) तिथे लावा आणि फाईलच्याच व्याख्येवरून घेतलेलं डेटा स्ट्रक्चर त्यावर बसवा. फील्ड वाढलं तर फक्त रीकंपाईल करायचं.

ट्रिगर लावणाऱ्या एडीडीपीएफटीआरजी कमांडला सहसा फाईलवर एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो, म्हणजे तेव्हा ती फाईल दुसरं कोणी वापरत नसावं. तेव्हा ट्रिगर लावायचं काम सगळे बाहेर पडल्यावरच काढा. तात्पुरता बंद करायचा असेल तर काढून टाकू नका, सीएचजीपीएफटीआरजी या ट्रिगर बदलायच्या कमांडने डिसेबल करा.