दही लागताना लेझरच्या उजेडात कसं बघायचं

दही लागलं का, हे आई पेला तिरका करून सांगते. पण कोवळं दही तिरकं केलं की मोडतं. न हलवता बघायचं तर उजेडच हवा. अकरावीच्या मुलांना घेऊन मी हे नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या आमच्या घरी करते.

दुधात केसीन या प्रथिनाचे कण असतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. ते सतत थरथरतात. लेझर त्यांच्यावरून विखुरला की बारीक ठिपक्यांची नक्षी उमटते आणि कण हलतील तशी ती बदलते. विरजणाने आंबटपणा वाढून सामू (पीएच, आंबटपणाचं माप; आंबट तितका कमी) ६.६ वरून ४.६ कडे उतरतो, केसीन एकमेकांना धरतं आणि नक्षी थबकते.

दोन काचेचे पेले, दोन्हींत ४० अंशांचं कोमट दूध. विरजण एकातच घाला. दुसरा पेला विसरू नका! दूध नुसतं निवलं तरी कण मंदावतात. तो फरक हाच पेला दाखवतो. दोन्ही एकाच कोमट पाण्याच्या पातेल्याजवळ, जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा, काचेचा बोटभर भाग उघडा राहू द्या. लेझर तिथूनच मारा, वरून नको. वर साय धरते आणि ती आधीच स्थिर असते.

लाल लेझर पॉइंटरचं बटण कपड्यांच्या चिमट्याने दाबून ठेवा, दहा मिनिटं तापू द्या. काचेवरून परतणारी तिरीपही डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलं असतील तर त्यांना मागे बसवा.

आमच्याकडे पहिल्यांदा ठिपके विनाकारण नाचत होते. महामार्गावरचे ट्रक! तेव्हापासून सगळं पाट्यावर मांडते, पाट्याखाली घडी घातलेली गोधडी.

मोबाइलच्या लेन्ससमोर सुईने भोक पाडलेला काळा कागद चिकटवा. भोक लहान तितके ठिपके मोठे दिसतात. हे न केल्यास कॅमेऱ्याला ते सुटे दिसतच नाहीत. खोलीत अंधार करा. शटर १/६० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) आणि फोकस एकदा ठरवून तेच ठेवा. दर दहा मिनिटांनी दोन्ही पेल्यांचा एकेक फोटो.

इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेझरच्या डागाचा तोच चौकोन निवडून उजळपणाच्या प्रमाण विचलनाला (तो सरासरीपासून किती वर-खाली होतो त्याचं माप) सरासरीने भागा. दुधाचा आकडा लहान, कारण ठिपके पुसट होतात; दह्याचा चढतो. विरजणाच्याच पेल्यात तो चढू लागला, की केसीनने जाळं धरलं, म्हणजे दही लागलं. दही किती घट्ट झालं, हे मात्र यावरून सांगू नका. त्यासाठी ओळखीच्या घट्टपणाच्या जेलीवर आधी मोजमाप करावं लागतं.