बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड ऑडिओ जोडणी: या चुका टाळा

सर्वात जास्त घोळ घालणारी केबल म्हणजे एका टोकाला ३.५ मिमीचा स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला एकच एक्सएलआर (माइकला असतो तो तीन पिनांचा कनेक्टर). ती तयार मिळते, दोन्हीकडे नीट बसते, त्यामुळे कुणाला तिचा संशयच येत नाही.

प्रसंग दर वेळी तोच. सभागृह भरलेलं आहे, लॅपटॉपवरून चित्रफीत सुरू होते. संगीत ऐकू येतं, पण पोकळ, लांबून आल्यासारखं. निवेदकाचा आवाज मात्र जवळजवळ नाहीच. ऑपरेटर फेडर (आवाजाची सरकपट्टी) चढवतो, मधले स्वर वाढवतो, चॅनल बदलतो, शेवटी लॅपटॉपही बदलतो. हेडफोन लावून पाहिला तर सगळं ठणठणीत. अर्धा तास जातो आणि दोष सापडत नाही, कारण केबल तुटलेली नसते. तिची जोडणीच या कामासाठी नसते.

हेडफोन जॅकच्या टिपवर (टोकावर) डावा चॅनल असतो, रिंगवर (मधल्या कड्यावर) उजवा. ही केबल टिप पिन २ ला आणि रिंग पिन ३ ला नेते. मिक्सरचं एक्सएलआर इनपुट बॅलन्स्ड असतं, म्हणजे ग्राउंडशिवाय दोन वायरी घेतं (अनबॅलन्स्डमध्ये सिग्नलची एकच वायर आणि ग्राउंड). त्याचं काम पिन २ मधून पिन ३ वजा करणं. निवेदन दोन्ही चॅनलवर सारखंच असतं, म्हणून वजाबाकीत ते शून्य होतं. उरतो तो फक्त डाव्या-उजव्यातला फरक.

उपाय: डावा-उजवा वेगळे काढून मिक्सरच्या दोन चॅनलना द्या. मोनोच हवं असेल तर टिप आणि रिंग प्रत्येकी १ किलोओमच्या रेझिस्टरमधून एकत्र आणून पिन २ ला जोडा. टिप आणि रिंग थेट पिळून एकत्र करू नका. तसं केलं की दोन आउटपुट एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज फाटतो. दोन रेझिस्टर लावायला पाच मिनिटं लागतात, तेवढा धीर धरायलाच हवा. ट्रान्सफॉर्मरवाला स्टिरिओ डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करून देणारा डबा) असेल तर सर्वात उत्तम, कारण हमचाही, म्हणजे मेन्सच्या गुणगुणीचाही, बंदोबस्त होतो. साधी केबल वापरत असाल तर त्या चॅनलची फँटम पॉवर (मिक्सर माइकला केबलमधूनच देतो ती वीज) आधी बंद करा. नाहीतर तिचे ४८ व्होल्ट ६.८ किलोओममधून थेट लॅपटॉपच्या आउटपुटवर येतात.

दुसरी चूक दिसायला बारीक आहे, पण हम बहुतेक वेळा तिथूनच येते. आरसीए किंवा साध्या टीएस (रिंग नसलेला मोनो जॅक) अशा अनबॅलन्स्ड आउटपुटवरून बॅलन्स्ड इनपुटला जाताना लोक एकच वायर आणि शिल्ड (वायरीभोवतीचं धातूचं आवरण) असलेली केबल घेतात आणि एक्सएलआरमध्ये पिन १ व ३ शॉर्ट करतात. आवाज येतो, म्हणून काम झालं असं वाटतं. पण दोन उपकरणांच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे शिल्डमधून करंट वाहतो आणि शिल्डच्या दोन टोकांत थोडा व्होल्टेज तयार होतो. या जोडणीत तो सरळ सिग्नलमध्ये मिसळतो. त्याऐवजी दोन वायर अधिक शिल्ड असलेली केबल घ्या. हॉट वायर टिपपासून पिन २ ला, कोल्ड वायर स्लीव्हपासून (जॅकच्या ग्राउंडच्या भागापासून) पिन ३ ला, शिल्ड पिन १ ला. शिल्ड आणि कोल्ड यांची गाठ फक्त आरसीएच्या टोकाला पडली पाहिजे. मग पिन ३ थेट पाठवणाऱ्या उपकरणाच्या ग्राउंडकडे ‘पाहते’ आणि इनपुट तो व्होल्टेज वजा करून टाकतं.

बॅलन्स्ड म्हणजे एकमेकांच्या उलटे दोन सिग्नल, हा समज सोडा. दोन्ही वायरींचा ग्राउंडच्या तुलनेतला इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सारखा असला की लाइन बॅलन्स्ड. सिग्नल एकाच वायरवर असला तरी चालतो.

उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड आउटपुटवरून अनबॅलन्स्ड इनपुटला जाताना, पिन ३ चं काय करायचं हे आउटपुटवर ठरतं. ट्रान्सफॉर्मर किंवा क्रॉस-कपल्ड (ट्रान्सफॉर्मरसारखं वागणारं इलेक्ट्रॉनिक) आउटपुट असेल तर पिन ३ ग्राउंडला जोडावी लागते. साधं ऑप-अँपचं (अ‍ॅम्प्लिफायर चिपचं) आउटपुट असेल तर ती मोकळी सोडा. शॉर्ट केली तर आवाज फाटू शकतो. मॅन्युअल उघडून बघा, अंदाजाने ठरवू नका. लेव्हलही तपासा: व्यावसायिक उपकरणांची +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, घरगुती उपकरणांची −१० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट. हा जवळपास १२ डीबीचा फरक इनपुटला पोहोचण्याआधीच कमी करायचा.

हम घालवायला मेन्स प्लगची अर्थिंग तोडणं हा जिवाशी खेळ आहे. कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. ऑडिओ लाइनमध्ये १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, किंवा बॅलन्स्ड लाइन-लेव्हल केबलची शिल्ड इनपुटच्या टोकाला सोडवा. फँटमवर चालणाऱ्या माइकच्या केबलमध्ये शिल्ड सोडवायची नाही; त्याचा करंट तिच्यातूनच परततो.

स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या तारांच्या टोकांना सोल्डर लावू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांत स्क्रू ढिला पडतो. तारा नुसत्या पिळा, शिल्डवर इन्सुलेशनची नळी चढवा. अनबॅलन्स्ड आउटपुट घेताना वजा टर्मिनल रिकामं ठेवायचं की नाही, हे वर पिन ३ बद्दल सांगितल्याप्रमाणे आउटपुट बघूनच ठरवा.

पिन १ आणि एक्सएलआरचं धातूचं कवच केबलमध्ये जोडू नका. दोन आउटपुट वाय केबलने एकत्र करू नका. पिन २-३ ची अदलाबदल मल्टिमीटरने पकडा: प्रत्येक पिन दुसऱ्या टोकाच्या तिन्ही पिनांशी, एकूण नऊ मोजणी, आणि मोजताना केबल हलवत राहा.

पिन १-३ जोडलेली किंवा शिल्ड सोडवलेली केबल बाहेरून नेहमीच्या केबलसारखीच दिसते. तिच्या दोन्ही टोकांना लेबल लावा आणि ती माइकच्या केबलींच्या पेटीत ठेवू नका.