नव्या हातात गोधडीची सुई देताना

गोधडी शिवायला शिकायचंय असं म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतात. आईची दोन-तीन लुगडी ट्रंकेत ठेवलेली असतात आणि त्यांना कात्री लावायचा धीर होत नाही. अशा वेळी आपण पटकन म्हणतो, "अगं, काही अवघड नाही त्यात!" हे वाक्य टाळा. सोपं म्हणून सांगितलेलं जमलं नाही की माणूस दोष स्वतःकडे घेतो, आणि सुई खाली ठेवतो ती ठेवतोच. नव्या माणसाला खरा धीर येतो तो काम आटोपशीर आणि पूर्वतयारी पक्की असली की. बोलण्याचा नंबर त्यानंतर.

पहिलं काम गोधडीचं नकोच, बस्कराचं, म्हणजे बसायच्या छोट्या आसनाचं द्या. १८ इंच लांब, १८ इंच रुंद. एकेक इंचावर ओळ घातली तर १७ ओळी होतात, म्हणजे साधारण २५ फूट धावदोरा, खाली-वर जाणारा साधा सरळ टाका. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीत तेवढ्याच अंतराने उभ्या ५९ ओळी बसतात आणि धावदोरा ४०० फुटांच्या वर जातो. शिवाय खरी गोधडी इतकी विरळ कुणी शिवत नाही. पहिल्याच खेपेला हा डोंगर समोर ठेवला तर ती अर्धी गोधडी माळ्यावर जाते. बस्कर चार-सहा बैठकांत हातावेगळं होतं आणि लगेच वापरात येतं.

आईचं लुगडं या बस्कराला वापरू नका. बिघडेल या भीतीने हात आखडतो, टाका घट्ट ओढला जातो आणि कापड खरंच चुरगळतं. "ते दुसऱ्या कामाला ठेवू, आधी हात बसू दे" एवढं म्हटलं तरी समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. पहिल्या कामाला घरातली कुठलीही जुनी सुती साडी, चादर किंवा धोतर चालतं. टेरिकॉट किंवा सिंथेटिक साडी मात्र नको. ती घसरते, थर एकमेकांवर टिकत नाहीत आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट आहे.

पहिल्या वेळी कापडाची तयारी तुम्हीच करून ठेवा. यात लाड कसले? धुणं, कापणं, टाचणं ही कामं कंटाळवाणी असतात आणि चुका बहुतेक तिथेच होतात. साडीला खळ असेल तर कोमट पाण्यात भिजवून पूर्ण काढा. खळीच्या कापडात सुई अडते आणि बोट दुखतं. गडद रंग असेल तर ओलं पांढरं फडकं त्यावर घासून बघा. रंग फडक्याला लागला तर ते कापड पहिल्या कामात घेऊच नका. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून पाहा. टरकलं तर ते फार तर आतल्या थराला.

चार थर पुरतात. वरचा आणि आतले दोन १८ इंचांचे, खालचा मात्र २१ इंचांचा कापा, म्हणजे चारी बाजूंनी दीड इंच बाहेर येईल. शेवटी काठ त्याचाच होतो. इस्त्री करून थर एकावर एक पसरा, मध्यापासून बाहेर हात फिरवत हवा काढा आणि दर चार इंचांवर भडक रंगाच्या दोऱ्याने लांब कच्चे टाके घाला. हेही मध्यापासून कडेकडे. वर पट्टीने एकेक इंचावर शिंपीखडूच्या रेघा मारा. बॉलपेनने मारू नका, शाई धुतल्यावरही राहते.

लांब, मोठ्या नेढ्याची सुई घ्या. दाभण चार थरांना फार जाड पडतो, जुन्या कापडाला भोकं पाडतो. दोरा जाडसर सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा स्वतः तुटत नाही, जुनं कापडच कापत जातो. आणि दोरा प्रत्येकी २४ इंचांचा तोडून ठेवा. एका ओळीला एक दोरा, दोन्ही टोकांना गाठी. याचे फायदे तिथल्या तिथे दिसतात. लांब दोऱ्याचा गुंता होत नाही. एखादी ओळ बिघडली तर तेवढीच उसवता येते, शेजारच्या ओळीला धक्का लागत नाही. आणि गाठी कडेला वरच्या बाजूने आल्या की नंतर काठाखाली झाकल्या जातात, त्यामुळे गाठ लपवायची कसरत पहिल्या दिवशी शिकवावी लागत नाही. शिकणारी व्यक्ती वयस्कर असेल, डोळ्यांना त्रास असेल, तर सात-आठ सुया दोरा ओवून उशीत टोचून ठेवा. सुईत दोरा ओवताना दर वेळी दहा मिनिटं गेली तर शिवणं बाजूलाच राहतं.

अंगुस्ताना, म्हणजे बोटाला सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, पहिल्याच दिवशी द्या, सुई ढकलणाऱ्या हाताच्या मधल्या बोटात. पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत त्याचं कारण नुसतं दुखरं बोट असतं. अंगुस्ताना ढिला होत असेल तर बोटाला आधी चिकटपट्टी गुंडाळा.

शेजारी बसा आणि तुमच्या हातात तुमचं वेगळं कापड ठेवा. शिकणारी डावखुरी असेल तर समोर बसा, म्हणजे तुमचा हात तिला आरशासारखा दिसेल. सुरुवात नवव्या, म्हणजे मधल्या ओळीपासून करायची, मग एक ओळ डावीकडे, एक उजवीकडे. आपल्याकडे कडेपासून चौकोनात फिरत आत येण्याची पद्धत आहे, दिसते फार सुरेख. पण तीत सगळा ढिलेपणा मध्ये जमा होतो आणि नवशिक्याच्या हातून मधोमध पोट येतं. ती रीत दुसऱ्या-तिसऱ्या कामाला.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मध्ये अंतरही तेवढंच. सुईवर एका वेळी दोनच टाके घ्यायला सांगा, चार-पाच घेतले की खालचा थर सुटतो. दर टाक्याला सुईचं टोक खालच्या हाताच्या बोटाला किंचित जाणवलं पाहिजे. ओळ संपली की बोटाने ती हलकेच सरळ करायची, चुण्या असतील तर गाठ मारण्याआधीच सैल होतात. चुणी पडली म्हणजे शंभरात नव्वद वेळा दोरा जास्त ओढलेला असतो.

आता बोलण्याकडे. "वा, छान!" याचा उपयोग थोडा, कारण त्यातून काय छान झालं ते कळत नाही. "तिसऱ्या ओळीपासून टाके सारखे यायला लागले, तू सुई आडवी धरायला लागलीस म्हणून" हे कौतुक उद्याही कामाला येतं. जे बिघडलंय तेही लपवू नका, फक्त एका वेळी एकच सांगा. पहिल्या बैठकीत टाके लहानमोठे असणारच, त्यावर बोलूच नका. ओळ रेघेवर आहे ना, एवढंच बघा. वयाने मोठ्या काकूंना शिकवत असाल तर "तुम्ही असं नाही, असं करा" याऐवजी "सुई जरा आडवी धरून बघता का?" म्हणा. आणि पुरुष शिकायला बसला तर "अरे वा, पुरुष असून!" हे कौतुक गिळून टाका. त्यालाही टाक्याबद्दलच ऐकायचं असतं.

हातातून काम काढून घेऊ नका. "दे, दाखवते" म्हणत तिची अर्धी ओळ तुम्ही घातलीत तर सुबक टाके तुमचे आणि वाकडे तिचे, हे त्या कापडावर कायमचं दिसत राहतं. दाखवायचं ते तुमच्या कापडावर.

उसवायचं कधी, याचा नियम आधीच सांगून ठेवा: खालचा थर तीनपेक्षा जास्त टाक्यांत सुटला असेल तर, आतला थर दुमडून शिवला गेला असेल तर, किंवा बोटाएवढी चुणी पडली असेल तर. बाकी काही उसवायचं नाही. वाकडी ओळ तशीच राहू द्या. दोन धुण्यांनंतर कापड आवळतं आणि ती नजरेतही येत नाही. शिकणारी घरी गेल्यावर तिचे टाके उसवून परत घालणं हा तर निव्वळ आगाऊपणा. हे कळल्याशिवाय राहत नाही, आणि कळलं की माणूस पुन्हा येत नाही.

चार-पाच जणी मिळून मोठी गोधडी शिवत असाल तर नवीन बाईला दोन सवयीच्या हातांमध्ये बसवा आणि आतली ओळ द्या, काठ नको. सगळ्यांच्या ओळींचा वेग सारखा नसतो, पुढे गेलेलीने थांबून सुया ओवाव्यात, "अजून तिथेच?" म्हणू नये.

सतराही ओळी झाल्या की कच्चे टाके काढा. काठासाठी बाहेर आलेला दीड इंच आधी अर्ध्यात दुमडा, मग उचलून वरच्या थरावर घ्या. पाऊण इंचाचा काठ येतो. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग उरलेल्या दोन. कोपरे जाड होतात, तिथे सुई रुसते. पहिला कोपरा तुम्ही करून दाखवा, उरलेले तीन तिचे. दाखवायचं ते तुमच्या कापडावर, या नियमाला हा एवढाच अपवाद.

टाचण्या वापरल्या असतील तर मोजून काढा. बाळाच्या दुपट्यात तर टाचण्या लावूच नका, कच्च्या टाक्यांवर भागवा.

मध्येच कुणी थांबलं, महिनाभर बस्कर पिशवीतच राहिलं, तर "झालं का?" असं विचारू नका. "पुढच्या तीन ओळींच्या सुया ओवून ठेवल्यात, गुरुवारी चहाला ये" म्हणा. बहुतेक वेळा अडलेलं असतं ते छोटंसंच: दोरा संपलेला, रेघा पुसलेल्या, किंवा एक ओळ वाकडी गेली म्हणून आलेला संकोच. रेघा पुन्हा मारून द्या, दोरे तोडून द्या, आणि बाकीचं कापड तिच्याच हातात राहू द्या.