क्रोशाचे फुलांचे बुकमार्क विणताना या चुका टाळा

क्रोशाचा बुकमार्क टेबलावर कितीही सुंदर दिसला, तरी त्याची परीक्षा मिटलेल्या पुस्तकात होते. पान फुगलं, पुस्तकाची पाठ ताणली गेली किंवा कागदावर पाकळीचा ठसा उमटला, तर मिळालेली भेट दोन दिवसांत ड्रॉवरमध्ये जाते. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: रुमाल, तोरण किंवा बाहुली विणायची सवय तशीच बुकमार्कवर वापरली जाते. पानांच्या आत जाईल तो भाग सपाट हवा, आणि फूल पानांच्या बाहेर हवं. हा नियम पाळला की निम्म्या तक्रारी उरतच नाहीत.

लोकर वापरणं

घरात उरलेली लोकर संपवायला बुकमार्क हा सोपा मार्ग वाटतो, पण इथे तो चालत नाही. ४ प्लाय (चार पदरी) लोकरीची खांबांची, म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांची, पट्टी दाबली तरी दोन-अडीच मिलिमीटर जाड राहते. क्रोशाच्या १० नंबरच्या सुती दोऱ्यात तीच पट्टी साधारण एक मिलिमीटर होते आणि २० नंबरच्या दोऱ्यात त्याहून पातळ. दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. लोकरीला कालांतराने गोळेही येतात आणि इस्त्रीची उष्णता अॅक्रिलिकला सोसत नाही.

मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून गुळगुळीत आणि चमकदार केलेला, सुती दोरा घ्या. १० नंबरला १.५ ते १.७५ मिमीची सुई आणि २० नंबरला १ ते १.२५ मिमीची सुई हा नेहमीचा मेळ आहे. सुईवरचा नुसता नंबर पाहून खरेदी करू नका. अमेरिकन आणि ब्रिटिश स्टीलच्या सुयांचे नंबर वेगळे असतात, म्हणून मिलिमीटरचा आकडा पाहा. पहिल्यांदा करत असाल तर १० नंबरच बरा, कारण त्यात टाके डोळ्यांना दिसतात. एका बुकमार्कला पट्टी, फूल आणि देठ मिळून साधारण १५ ते २० मीटर दोरा लागतो.

पट्टी तिरकी होणं, केळ्यासारखी वाकणं

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

पट्टी वर जाता जाता निमुळती झाली, तर ओळीच्या शेवटी एक टाका सुटतोय. ११ खांबांच्या पट्टीसाठी १३ साखळ्या घालतात आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब येतो. सोडलेल्या तीन साखळ्या म्हणजेच ओळीचा पहिला खांब. पुढच्या ओळीतही वळताना घातलेल्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरायच्या. त्यामुळे ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत घालावा लागतो. हीच जागा चटकन दिसत नाही आणि तिथेच टाका निसटतो. पट्टी रुंद होत असेल तर उलटं झालंय. वळल्यावर तीन साखळ्या घालून लगेच त्यांच्या पायातही खांब घातला जातोय. उपाय साधा आहे: पहिल्या सहा ओळींत प्रत्येक ओळीअखेर मोजायचं. ११ आले नाहीत तर तिथेच उसवायचं, पुढच्या ओळीत भरून काढू म्हणायचं नाही.

पट्टी केळ्यासारखी वाकते, कारण सुरुवातीची साखळी घट्ट पडलेली असते. खांब सैल आणि पाया आवळलेला, मग एका टोकाला कापड ओढलं जातं. बुकमार्क लांबीच्या दिशेने विणत असाल, म्हणजे पन्नास-साठ साखळ्या घालून त्यावर चार-पाच ओळी, तर हा दोष फार ठळक दिसतो. साखळी एक आकार मोठ्या सुईने घाला आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्या. आधीच वाकलेली पट्टी पाण्यात भिजवून ओढली तर थोडी सुधारते, पूर्ण सरळ होत नाही. ती उसवणंच योग्य.

भरीव खांबांऐवजी जाळीची वीण घेतली, म्हणजे एक खांब, दोन साखळ्या, दोन टाके सोडून पुन्हा खांब, तर पट्टी हलकी आणि पातळ होते. जाड पुस्तकांच्या वाचकाला द्यायचा असेल तर हीच वीण चांगली.

माप न घेता विणणं

मराठी कादंबऱ्या आणि ललित पुस्तकं बहुधा डेमी किंवा क्राऊन आकारात निघतात. डेमी पुस्तक सुमारे साडेआठ इंच, म्हणजे साडेएकवीस सेंटीमीटर उंच असतं. पट्टी १२-१३ सेंटीमीटरवर थांबवली आणि फूल लगेच वर शिवलं, तर ते थेट पानांमध्ये चिरडतं. पट्टी १७-१८ सेंटीमीटर करा, म्हणजे १० नंबरच्या दोऱ्यात सुमारे २५ ओळी. त्यावर चार-पाच सेंटीमीटरचा साखळीचा देठ आणि मग फूल. पट्टीचं खालचं टोक पानाच्या खालच्या कडेशी लावलं की फूल वर दिसतं. देठ याहून फार लांब केला तर फूल कडेवरून खाली लोंबतं आणि त्याच्या वजनाने बुकमार्क हळूहळू बाहेर सरकतो.

वर फूल आणि खाली गोंडा असे दोन्ही बऱ्याच नमुन्यांत दिसतात. आमच्या मते एकच काहीतरी ठेवा. दोन्ही हवेच असतील तर पट्टी पानाच्या उंचीएवढी पूर्ण विणावी लागते, नाहीतर गोंड्याची गाठ पानांत अडकते आणि कागदाला खळगा पाडते.

देठ पिळवटतोय? साखळीवर एकाच बाजूने मुके खांब (वेढा न घेता घातलेले आखूड टाके) घातले की तो स्क्रूसारखा फिरतो. साखळीच्या मागच्या बाजूला जी बारीक उंचवट्यांची ओळ दिसते, तिच्यात स्लिप स्टिच (उंची न वाढवणारा सगळ्यात आखूड टाका) घालत परत या. देठ सरळ राहतो आणि दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

फुलाची निवड चुकणं

पाकळ्यांचे थर असलेला गुलाब, गोल झेंडू, पुढे आलेला केसर असलेली जास्वंद ही फुलं पर्सला किंवा तोरणाला शोभतात. बुकमार्कवर ती लावायचीच तर देठावर, पूर्णपणे पुस्तकाबाहेर. पट्टीवरच फूल शिवायचं असेल तर एकेरी आणि सपाट फूल घ्या. सदाफुली त्यासाठी उत्तम: पाच पाकळ्या, मध्ये गडद ठिपका, कोणालाही लगेच ओळखू येणारी. पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी मध्याचा प्राजक्तही छान होतो.

सदाफुलीचा नेमका नमुना असा. मॅजिक रिंगमध्ये (टोक ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या वेटोळ्यात) १ साखळी आणि १० मुके खांब, मग पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिच. इथे गडद गुलाबीवरून फिक्या गुलाबीवर किंवा पांढऱ्यावर या. दुसऱ्या गोलात प्रत्येक पाकळी दोन टाक्यांत बसते: पहिल्या टाक्यात ३ साखळ्या आणि २ खांब, पुढच्या टाक्यात २ खांब, ३ साखळ्या आणि त्याच टाक्यात स्लिप स्टिच. मग त्याच्या पुढच्या टाक्यात स्लिप स्टिच करून दुसरी पाकळी सुरू. १० नंबरच्या दोऱ्यात सुमारे अडीच सेंटीमीटरचं फूल तयार होतं.

यात काय बिघडतं ते पाहू.

*सहावी, अर्धवट पाकळी उरते.* पहिल्या गोलात ११ टाके मोजले गेले आहेत. गोल जोडणारी स्लिप स्टिच वरून टाक्यासारखीच दिसते आणि ती मोजली जाते. पहिल्या मुक्या खांबात वेगळ्या रंगाचा तुकडा दोरा अडकवून ठेवा, म्हणजे कुठे जोडायचं याचा घोळ होत नाही.

*रिंग आवळत नाही.* मुके खांब फक्त एका धाग्यावर घातले गेले आहेत. रिंगचा धागा आणि लोंबतं टोक, दोन्ही सुईखाली घेऊन प्रत्येक टाका घालायचा. एकाही टाक्यात टोक सुटलं तर ओढल्यावर गोल अर्ध्यावर अडतो.

*पाकळ्या पुढे वळून वाटी होते.* पाकळ्यांच्या मधली स्लिप स्टिच फार घट्ट ओढली जातेय. ती सैल सोडा. तरीही वाटी होत असेल तर पाकळीतल्या ३ साखळ्याही आवळल्या असतील, कारण साखळ्या खांबांपेक्षा आखूड झाल्या की कड आत खेचली जाते.

*पाकळ्या एकमेकींवर चढतात.* बहुधा एका टाक्यात दोनाऐवजी तीन खांब गेलेत. फूल भरगच्च दिसतं, पण सपाट बसत नाही.

*पांढऱ्या पाकळीच्या मुळाशी गुलाबी ठिपका दिसतो.* रंग बदलायला उशीर झाला. पहिला गोल जोडणाऱ्या स्लिप स्टिचमध्ये शेवटचा दोरा ओढून घेतानाच नवा रंग घ्यायचा असतो.

व्हिडिओ पाहून विणणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. अमेरिकन नमुन्यात ‘सिंगल’ म्हणजे आपला मुका खांब, आणि ब्रिटिश नमुन्यात त्यालाच ‘डबल’ म्हणतात. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे आपला खांब, तो ब्रिटिशांचा ‘ट्रेबल’. फूल सांगितलेल्या मापाच्या दुप्पट किंवा निम्मं झालं तर आधी हे तपासा. नमुन्यात कुठेही ‘सिंगल’ आलं असेल तर तो अमेरिकन पद्धतीचा. आकृतीवरून विणता येत असेल तर फारच उत्तम, कारण चिन्हं दोन्हीकडे सारखीच असतात.

टोकं आखूड कापणं, गाठ मारणं, चिकटवणं

मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत असतो, म्हणून नुसतं दोन-तीन टाक्यांतून ओढलेलं टोक महिन्याभरात बाहेर येतं. प्रत्येक टोक किमान १५ सेंटीमीटर ठेवा. मॅजिक रिंगचं टोक मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत ओवून रिंगभोवतीच दोन फेरे द्या, मग उलट दिशेने एक. हे फेरे दिले नाहीत तर फुलाचा मध्य हळूहळू उघडतो आणि पाकळ्या सुटतात. पट्टीतली टोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आणि एकदा खांबाच्या उंचीतून वर अशी तीन दिशांनी लपवा. गाठ मारू नका. मिटलेल्या पुस्तकात बारीक गाठही कागदावर उमटते.

फूल ग्लू गनने चिकटवणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. खाली कडक गोळा तयार होतो, इस्त्री लागली की तो वितळतो, आणि सुती दोऱ्यावरून कधीतरी सुटतोच. त्याच रंगाच्या दोऱ्याने फुलाच्या मधल्या गोलाभोवती सात-आठ टाके घालून शिवा, पाकळ्यांची टोकं मोकळी ठेवा. मणी, बटण, तार यांना पानांच्या आतल्या भागात जागा नाही. मणी घालायचाच तर गोंड्याच्या वर, पुस्तकाबाहेर.

रंग न तपासता पांढऱ्याशेजारी लाल विणणं

लाल, मरून आणि गर्द निळा हे रंग जाण्याची शक्यता जास्त. विणण्याआधी हातभर दोरा ओला करून पांढऱ्या सुती कापडाच्या घडीत ठेवा आणि गरम इस्त्री फिरवा. कापडावर डाग आला तर तो दोरा बुकमार्कला नको. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून सुती दोऱ्याचा रंग पक्का होत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोरा धुवून पुन्हा इस्त्रीची चाचणी घ्या, नाहीतर दुसरा दोरा घ्या. कोणाच्या तरी आवडत्या पुस्तकाच्या पानावर गुलाबी डाग पडणं भरून येत नाही.

खळ देणं

क्रोशाच्या रुमालाला साबुदाण्याची किंवा तांदळाची खळ द्यायची घराघरांतली सवय आहे. बुकमार्कला ती देऊ नका. खळ म्हणजे पिठूळ पदार्थ. पुस्तकं खाणाऱ्या कसरीला आणि झुरळांना तो आवडतो, आणि तुम्ही तो थेट पानांत नेऊन ठेवता. फेविकॉल पाण्यात कालवून लावणाऱ्यांची अडचण वेगळी: कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत असा थर चिकट होऊन कागदाला धरू शकतो.

सपाटपणा पाण्याने आणि टाचण्यांनी येतो. बुकमार्क कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पंच्यात दाबून पाणी काढा, पिळू नका. थर्मोकोलच्या तुकड्यावर पांढरं कापड ताणून त्यावर पट्टी सरळ लावा. दर दोन सेंटीमीटरवर एक टाचणी, प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या हव्यात. साध्या टाचण्या रात्रीत गंजतात आणि पांढऱ्या दोऱ्यावर तपकिरी ठिपके सोडतात. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस धरा, कारण किंचित ओलसर बुकमार्क पानांत गेला तर तिथे बुरशी येते. शेवटी पालथा करून, वर मलमलचं कापड ठेवून फक्त पट्टीवर इस्त्री फिरवा. फुलावर इस्त्री दाबली की पाकळ्यांचा उठाव जातो.

वाणासाठी एकदम तीस करायला घेणं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला किंवा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळेत वाटायला हे बुकमार्क सुरेख दिसतात. पण एक एक पूर्ण करत गेलात तर पहिला आणि तिसावा यांच्या मापात फरक पडतो, कारण हाताचा ताण दिवसागणिक बदलतो. आधी सगळी फुलं विणा, मग सगळे देठ-पट्ट्या, आणि जोडणी शेवटी. जोडताना सारख्या मापाच्या जोड्या लावता येतात.

दोरा एकदम घ्या आणि सगळ्या गुंड्यांवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक) एकच आहे ना ते पाहा. त्याच शेडचा दुसऱ्या लॉटचा दोरा उजेडात वेगळा दिसतो. तीस नगांना १५ ते २० मीटरच्या हिशेबाने ४५० ते ६०० मीटर लागतात, वर एक गुंडा जास्तीचा ठेवा. वेळ कमी असेल तर भरीव पट्टी सोडून द्या: २४-२५ सेंटीमीटरचा साखळीचा देठ, एका टोकाला सदाफुली, दुसऱ्या टोकाला विणलेलं झाडाचं एक छोटं पान. पुस्तकात फक्त देठ राहतो, आणि ते विणलेलं पान पुस्तकाच्या खालच्या कडेबाहेर येईल एवढी लांबी आधी पुस्तकावर धरून पाहा.