ग्रीसमधली घाण आणि बेअरिंगची खरखर

बेअरिंग ओरडायला लागलं की ग्रीस गनचे चार पंप मारायचे, आवाज बसला की काम झालं समजायचं. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या वर्कशॉपमध्ये तरी हे थांबायला हवं. आवाज बसतो, पण रेसवर (बॉल ज्या पोलादी कड्यांवर फिरतात त्यांवर) पडलेले खड्डे नव्या ग्रीसने भरत नाहीत.

चालू बेअरिंगमध्ये बॉल आणि रेस यांच्यामधला तेलाचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. घाणेरड्या ग्रीसमधून आत शिरणारे ग्राइंडिंग व्हीलमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण त्याहून जाड आणि बेअरिंगच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण. बारीक कण रेस घासून क्लिअरन्स (बॉल आणि रेसमधली मोकळीक) वाढवतात, मोठे कण खड्डा पाडतात. खड्ड्याच्या काठावर धातू वर उचलला जातो, ताण तिथेच साठतो आणि पापुद्रे निघू लागतात. फसवणारी गोष्ट पुढेच आहे: काही वेळाने कण चिरडले जातात किंवा बाजूला फेकले जातात, मग कंपन उतरतंही. म्हणून उतरलेल्या आकड्यावर विसंबू नका.

कंपनाच्या वेगाचा, म्हणजे मिमी प्रति सेकंदाचा आकडा उशिरा हलतो. आधी हलतं ते उच्च वारंवारतेचं ॲक्सिलरेशन, त्यामुळे एन्व्हलप स्पेक्ट्रम (त्यातले ठरावीक वेळाने बसणारे धक्के वारंवारतेनुसार दाखवणारा आलेख) घ्या. नुसती घाण असेल तर ठरावीक शिखर न दिसता आलेखाचा तळच वर येतो. ९ बॉलचं ६२०५ बेअरिंग १४४० आरपीएमवर फिरत असेल आणि ८६ हर्ट्झला शिखर दिसलं, तर बाहेरच्या रेसवर घाव आहे. १३० हर्ट्झला दिसलं, तर आतल्या. अशा वेळी ग्रीस भरून उपयोग नाही, बेअरिंग बदला.

जुनं ग्रीस चिमूटभर काढून काचेवर पसरा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात गरम मोटर थांबून गार होताना ओली हवा आत ओढते. उरलेलं ग्रीस रॉकेलमध्ये विरघळवून गाळा आणि गाळावर चुंबक फिरवा. चिकटलं ते बहुतेक पोलाद. पिवळी चमक राहिली तर पितळी केज (बॉल अंतरावर धरणारा पिंजरा) झिजतोय, करकरीत मळकट चुरा राहिला तर बाहेरची धूळ.

ग्रीस भरताना निपल (मशीनवरचं ग्रीस आत जायचं तोंड) आणि गनचं तोंड धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, गनमधून निघणारं पहिलं ग्रीस फेकून द्या. ग्रॅममधलं प्रमाण म्हणजे बाहेरचा व्यास गुणिले रुंदी (दोन्ही मिमीत) गुणिले ०.००५. ६३०८ क्रमांकाच्या बेअरिंगसाठी ९० × २३ × ०.००५, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. एका पंपात किती येतं ते अंदाजाने धरू नका. दहा पंप वजनकाट्यावर काढून भागाकार करा. ड्रेन प्लग (जास्तीचं ग्रीस बाहेर पडायचं बूच) उघडा ठेवून मशीन अर्धा तास चालवा, मगच तो बंद करा. लिथियम ग्रीसवर पॉलियुरिया ग्रीस भरायचं असेल, तर दोन्ही एकमेकांना चालतात का ते पुरवठादाराकडून आधी पक्कं करा. न जुळणारी जोडी बहुधा पातळ होऊन वाहून जाते.

ग्रीसचा डबा उघडा राहिला तर ही सगळी मेहनत वाया. ग्राइंडरशेजारच्या छोट्या मोटरला झेडझेडऐवजी टूआरएस बेअरिंग घाला: झेडझेडच्या पत्र्याच्या शील्डला फट असते, टूआरएसचा रबरी सील रेसला टेकतो.