पोटात खोबरं-चीज दडवलेला चॉकलेट केक

गोव्यातल्या आमच्या बांदोड्यात नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या आंटींकडून ताट येतं. दोदोल, नेवऱ्या, बेबिंकेचे दोन काप, वर क्रोशाचा रुमाल. चवथीला आमच्याकडून त्यांच्याकडे मोदक-नेवऱ्या जातात. ताट रिकामं परत करायचं नाही, हा दोन्ही घरांचा जुना रिवाज. बरीच वर्षं मी त्यात रव्याचे लाडू ठेवायचे. गेली आठ वर्षं हा केक ठेवते. बाहेरून साधा, काळसर चॉकलेट केक. कापला की आत पांढऱ्या सारणाचं कडं दिसतं. पहिल्या वर्षी आंटींनी भिंतीवरूनच विचारलं होतं, "बाये, भितर कितें घातलां गो?"

तर भितर काय घालायचं, तिथूनच सुरुवात करते, कारण सारण आधी करून गार करावं लागतं. हा केक बिघडतो तो बहुतेक वेळा सारण नरम राहिल्यामुळे.

सारणाला २०० ग्रॅम क्रीम चीज, ५० ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा फक्त बलक, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्धी वाटी ओलं खोबरं. पांढरा भाग पिठात जाईल, फेकू नका. क्रीम चीज म्हणजे ब्रेडला लावायचं चीज स्प्रेड नव्हे. एकदा घाईत मी ते वापरलं आणि सगळं सारण खारट झालं. मुलीच्या वाढदिवसाचा केक होता, तिने न बोलता एक तुकडा खाल्ला, ते मला अजून आठवतं. क्रीम चीज मिळालं नाही तर चक्का घ्या. म्हशीच्या १ लिटर दुधाचं दही रात्रभर फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगा. श्रीखंडाच्या चक्क्यापेक्षा तो कोरडा हवा, बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला पाहिजे. चक्क्याला कॉर्नफ्लोअर एक चमचा जास्त, नाहीतर भट्टीत तो फुटून पाणी सोडतो.

खोबऱ्याकडे नीट लक्ष द्या. आदोळीवर नारळ खवताना करवंटीजवळची तपकिरी साल येऊ देऊ नका, फक्त पांढरं. मग ते कोरड्या कढईत अगदी मंद आंचेवर तीन-चार मिनिटं परता. रंग अजिबात बदलायचा नाही, फक्त ओल जायला हवी. आधी हाताला चिकटणारा नारळाचा चव हळूहळू सुटा होतो आणि कढईत सरसर आवाज करत फिरायला लागतो, तिथे थांबा. पूर्ण गार करूनच चीजमध्ये मिसळा. शेवटी जायफळ, चाकूच्या टोकावर मावेल इतकंच. आमच्या फोंडा तालुक्यात कुळागरं, म्हणजे नारळ-सुपारी-मसाल्यांच्या बागा, आहेत म्हणून आम्हाला जायफळ सालीसकट ताजं मिळतं. तुमच्याकडचं जुनं असेल तर थोडं जास्त किसा. सगळं लाकडी चमच्याने एकजीव करा, फेटू नका. फेटलं की हवा शिरते आणि सारण भाजताना फुगून केक फाडतं. झाकून किमान दोन तास फ्रिजमध्ये.

आता पीठ. मैदा २५० ग्रॅम, कोको ६० ग्रॅम, साखर २७० ग्रॅम, बेकिंग सोडा सव्वा छोटा चमचा, मीठ अर्धा चमचा. यातला मैदा, सोडा आणि मीठ दोनदा चाळा. गोव्याच्या हवेत सोड्याच्या गुठळ्या होतात, आणि एक गुठळी राहिली तरी त्या घासाला साबणाची चव येते. ओल्या जिनसांत १६० मिली तेल (वास नसलेलं; खोबरेल नको, केक फ्रिजमध्ये दगड होतो), १६० ग्रॅम घुसळलेलं दही, २ अंडी आणि तो राहिलेला पांढरा भाग, १ चमचा व्हॅनिला, १६० मिली कडक गरम काळी कॉफी.

कॉफी कशाला, असं मला नेहमी विचारतात. केकला कॉफीची चव येत नाही. गरम पाण्यात कोको फुलतो, त्याचा वास मोकळा होतो, आणि कॉफीचा कडवटपणा चॉकलेटला आधार देतो. लहान मुलांसाठी करायचा असेल तर नुसतं उकळतं पाणी घ्या, पण गरम घ्या. कोको आधी एका भांड्यात घेऊन त्यावर ही कॉफी ओता आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. म्हणजे चाळायचं ते फक्त मैदा, सोडा आणि मीठ. साखर तेलाबरोबर घुसळा.

कोकोच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. घटकांत आयएनएस (खाद्यपदार्थात मिसळलेल्या द्रव्यांचे क्रमांक) ५०० किंवा ५०१ दिसलं तर तो कोको क्षाराने धुतलेला आहे, रंगाने गडद पण आंबटपणा गेलेला. तसं काही लिहिलेलं नसेल तर तो साधा, फिकट तपकिरी आणि आंबट. सोड्याला उसळायला आंबट काहीतरी लागतं. आपल्या पिठात दही आहे म्हणून दोन्ही चालतात, पण धुतलेला कोको असेल तर दही चांगलं आंबट घ्या, काल लावलेलं.

अंडी, साखर, तेल, दही घुसळून घ्या, त्यात कोको-कॉफी कोमट झाल्यावर घाला, मग मैदा. मैदा पडल्यावर हात आवरा. पांढरी रेघ दिसेनाशी झाली की बास. पीठ सान्नांच्या, म्हणजे इडलीसारख्या, पिठाइतकं दाट हवं. घावनाच्या पिठासारखं पातळ झालं तर सारण थेट तळाला जाऊन बसेल. जून ते सप्टेंबर मैद्यातच दमटपणा असतो, तेव्हा मी कॉफी दोन चमचे कमी घेते.

माझा पहिला केक असाच वाया गेला. पीठ पातळ, सारण नुकतंच कालवलेलं, आणि तेही साच्याच्या भिंतीपर्यंत पसरवलेलं. केक उलटा केला तेव्हा वरचा अर्धा साच्यातच चिकटून राहिला. भट्टीत पीठ कडेकडून शिजत मध्याकडे येतं. सारण जड असतं, ते शिजेपर्यंत खाली सरकत राहतं. ते भिंतीला टेकलं तर करपून चिकटतं. मध्ये राहिलं तर भोवतालचा केक आधी धरतो आणि सारणाला उचलून ठेवतो.

म्हणून साचा मधोमध नळी असलेलाच घ्या, साधारण अडीच लिटरचा. त्याच्या प्रत्येक खाचेत ब्रशने मऊ लोणी लावा, नळीला विसरू नका, आणि वरून मैद्याऐवजी कोको भुरभुरवा, म्हणजे केकवर पांढरे डाग पडत नाहीत. दोन तृतीयांश पीठ ओता. गार सारण दुधाच्या स्वच्छ धुतलेल्या पिशवीत भरा, एक कोपरा करंगळीएवढा कापा आणि पिठावर गोल कडं काढा. बाहेरच्या भिंतीपासून बोटभर आणि नळीपासून बोटभर जागा सोडा. दाबू नका, ते आपोआप थोडं बसतं. उरलेलं पीठ चमच्याने कडेकडेने सोडत वर झाका. साचा ओट्यावर आपटायचा मोह टाळा. हवा निघते खरी, पण सारणही खाली जातं.

ओव्हन आधीच १७० अंशांवर पंधरा मिनिटं तापलेला हवा. सोडा दह्याला भेटल्या क्षणापासून कामाला लागतो, पीठ वाट बघत बसत नाही. बेबिंकेला वरून आंच लागते, नारळाच्या सोडणांचे निखारे झाकणावर ठेवून थर थर भाजतात. या केकचं उलट: खालची कॉइल, आणि जाळी खालून दुसऱ्या खाचेत. ५० ते ५५ मिनिटं. पहिली ३५ मिनिटं दार उघडू नका. पावसाळ्यात वीज जायची शक्यता दिसली तर त्या दिवशी हा केक करूच नका. अर्ध्यात वीज गेली की तो मध्ये बसतो आणि मग परत फुगत नाही.

झाला का ते बघायला काडी कडेच्या चॉकलेटच्या भागात घाला, दोन ठिकाणी. मध्यात घातलीत तर ती सारणामुळे ओलीच निघणार आणि तुम्ही उगाच दहा मिनिटं जास्त भाजाल. कड साच्यापासून किंचित सुटलेली असते, वर बोट दाबलं तर पृष्ठभाग परत वर येतो.

वीस मिनिटं साच्यात, मग ताटावर उलटा. न सुटल्यास सुरी घालू नका. गरम पाण्यात पिळलेलं फडकं साच्यावर दोन मिनिटं ठेवा, लोणी सुटतं. त्यानंतर चार तास हात लावायचा नाही. सारण गरम असताना ते खिरीसारखं असतं, गार झाल्यावरच कापाला धरतं. वरून चॉकलेट ओतायचं असेल तर १०० ग्रॅम डार्क चॉकलेटवर १०० मिली गरम क्रीम, झालं. मी बहुतेक वेळा नुसती पिठीसाखर चाळते.

अंडं मी वगळत नाही. शिवराक (शाकाहारी) दिवशी दुसरं काहीतरी करते, कारण बलकाशिवाय हे सारण मला कधी हवं तसं जमलेलं नाही.

आत चीज आणि ओलं खोबरं आहे, तेव्हा आपल्या हवेत केक रात्रभर बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो; खायच्या अर्धा तास आधी काढा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, प्रत्येक कापाला, नाहीतर पहिल्या कापाचं चॉकलेट दुसऱ्याच्या पांढऱ्या कड्यावर पसरतं. शेजारी पाठवायचे काप मी पूर्ण गार झाल्यावरच आंटींच्या ताटात लावते, आणि वर त्यांचाच क्रोशाचा रुमाल, धुऊन इस्त्री केलेला.