जुन्या गाडीचे आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे: या चुका टाळा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला: "बॅटरीचं टर्मिनल काढा, थोडा वेळ थांबा, परत लावा." दिवा जातो, माणूस खूश होतो. या सल्ल्याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. टर्मिनल काढून बिघाड जात नाही, ईसीयूमधला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला, बिघाडाचा कोड पुसला जातो. बिघाड झाला तेव्हा इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं, हेही बऱ्याच गाड्यांत त्या कोडसोबत साठवलेलं असतं. तेच पुसल्यावर मिस्त्रीने शोधायचं कशावरून? २०१३ नंतरच्या गाडीला स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे हे कोड वाचायचं, सॉकेट असतं. आधी स्कॅनर लावा, कोड वहीत लिहा, मगच पुसा.

आणि कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव नव्हे. पी०१७१ आला की लोक थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो कोड एवढंच सांगतो की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पुष्कळदा चिरलेला व्हॅक्यूम पाइप (इंजिनला जोडलेली हवेची नळी) निघतो.

गाडी घेतानाच चावी ऑन करून, स्टार्ट न मारता, डॅशबोर्ड बघा. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी हे दिवे लागलेच पाहिजेत. चेक इंजिन लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवला असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी मी घेऊ देत नाही.

आता तेलाच्या किटलीचं लाल चिन्ह. जुळे सोलापूरच्या एका गृहस्थांनी जुनी डिझेल गाडी घेतली आणि घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघाले. घाटाच्या वळणांवर दिवा लागायचा, सरळ रस्त्याला विझायचा. बरोबरचा भाचा म्हणाला, "सेन्सर गेला असेल ओ मामा, चालतंय की." परतताना दिवा लागला तो विझलाच नाही. इंजिन ठोकायला लागलं आणि तामलवाडीच्या पुढे जाम झालं. गाडी माझ्याकडे टो होऊन आली तेव्हा डिपस्टिक कोरडी होती, बिगएंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतात तिथली) घासून गेली होती, क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याला) चरे पडले होते. तेल कमी असलं की वळणावर ते चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. वळणावर लुकलुकणारा दिवा हेच सांगत होता. घाटाच्या पायथ्याला तेल टाकलं असतं तर इंजिन वाचलं असतं. हा दिवा लागला की गाडी कडेला घ्या आणि लगेच बंद करा. थोडं थांबून सपाट जागी डिपस्टिक बघा. तेल भरलेलं असूनही दिवा लागत असेल तर स्टार्ट मारू नका, टो करा.

टेंपरेचरचा लाल दिवा लागला तरी हेच, गाडी कडेला घेऊन बंद करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि बोअरचं खारं पाणी तर ओतूच नका.

आवाजांबाबत लोक नुसतं "खडखड येते" म्हणतात. कधी येते ते सांगा. मी मालकालाच चालवायला लावतो, एसी आणि गाणी बंद करून स्वतः मागे बसतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून पुढे जाताना कटकट येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) बघा, त्याचं रबरी बूट, म्हणजे आवरण, बहुतेक फाटलेलं असतं. गतिरोधकावर टकटक होत असेल तर शॉकॲब्जॉर्बर बदलण्याआधी लिंक रॉड (सस्पेन्शनला जोडलेला छोटा दांडा) हलवून बघा. सकाळी चीं-चीं आली तर बेल्ट, ब्रेक दाबल्यावर आली तर पॅड.

वेगाबरोबर वाढणारी घूंघूं बेअरिंगची की टायरची, यात हमखास फसगत होते. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात गाडी हलकेच डावीकडे घ्या. वजन उजव्या चाकांवर जातं. आवाज वाढला तर बहुतेक उजवी बेअरिंग. काहीच फरक पडला नाही तर आधी टायर पुढे-मागे बदलून बघा.

फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज घेऊन येऊ नका. थंड इंजिनला आवाज येत असेल तर गाडी रात्रीच गॅरेजला लावून जा, सकाळचा पहिला स्टार्ट मिस्त्रीला मारू द्या.